विश्लेषण : जेट बोटीला वेळेवर ग्रीस मारणे इतके महत्त्वाचे का?

बाहेर पंखा नाही, म्हणून खडकाळ, उथळ पाण्यातही सुसाट धावणारी बोट म्हणजे जेट बोट. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली. एडमंड हिलरी यांची १९७७ मधील गंगासागर ते हिमालय ही मोहीमही जेट बोटींतूनच झाली. या बोटीच्या नियमित देखभालीत काही मिनिटांचे, पण सहज राहून जाणारे काम म्हणजे ग्रीस मारणे.

जेट बोट चालते कशी?

तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते. इंजिनावर फिरणारा इम्पेलर ते मागच्या नोझलमधून जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे जाते, बोट पुढे सरकते. नोझल वळवले की बोट वळते. नोझलमागची झडप खाली केली की धार पुढच्या दिशेला फिरते आणि बोट मागे येते.

ग्रीस कशासाठी?

इम्पेलर पाणी मागे ढकलतो, तेव्हा तेवढ्याच जोराने त्याचा शाफ्ट पुढे रेटला जातो. हा सारा रेटा थ्रस्ट बेअरिंग झेलते. ग्रीसमुळे तिथे धातूवर धातू घासत नाही, शिवाय पाणी आणि बारीक वाळूही बाहेर राहते. ग्रीस संपले की बेअरिंग गंजते, तापते आणि शेवटी जाम होते.

धोका किती?

बहुतेक जेट बोटींना वेगळे सुकाणू नसते. धार थांबली की पुढे जाणे, वळणे आणि वेग रोखणे, तिन्ही एकदम जाते. खळाळत्या प्रवाहात बेअरिंग जाम झाले, तर चालकाच्या हातातले स्टिअरिंग नुसते फिरते आणि बोट प्रवाह नेईल तिकडे जाते.

ग्रीस मारण्याची पद्धत काय?

आधी इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. निपल फडक्याने स्वच्छ पुसावे, नाहीतर त्यावरची वाळू ग्रीससोबत थेट बेअरिंगमध्ये जाते. मग ग्रीसगनने हळूहळू, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिले आहे तेवढेच ग्रीस भरावे. स्टिअरिंग आणि झडपेच्या सांध्यांवर निपल असतील, तर तेही विसरू नयेत. काही जेट युनिटमध्ये मागचे बेअरिंग रबराचे असते. त्याला पाण्याचेच वंगण मिळते, ग्रीस लागत नाही.

जास्त ग्रीस मारले तर?

फायदा नाही, उलट नुकसान. गच्च भरलेले बेअरिंग तापते आणि जास्त दाबाने सील फाटू शकते. सील गेले की पाण्याला वाट मोकळी. ग्रीस पाण्याने धुऊन न जाणारे, मरिन प्रकारचेच हवे. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस एकत्र आली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. म्हणून आधीचे कोणते आहे, हे पाहूनच नवे भरावे.

बिघाड आधी कळतो का?

बऱ्याचदा कळतो. बाहेर आलेले ग्रीस दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, असे समजावे. घरघर ऐकू येणे किंवा बेअरिंगचा भाग नेहमीपेक्षा जास्त तापणे, हेही इशारेच. अशा वेळी वरून आणखी ग्रीस भरून बोट पाण्यात नेऊ नये. सील आणि बेअरिंग तपासून घ्यावे. ग्रीस मारण्याची वेळ इंजिनाच्या तासांवर ठरते. त्यामुळे तारीख आणि तास वहीत टिपून ठेवले की पुढची पाळी चुकत नाही.