जोड कोणी सांभाळायचा?



यंदा स्नेहसंमेलनासाठी इंदूरला आलो होतो, तेव्हा दहावीतल्या एका मुलाने विचारले, "काका, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट नेमके काय करतो?" घाईत मी "प्रोग्रामचा नकाशा काढतो" असे सांगून मोकळा झालो. उत्तर अर्धेच होते. उरलेले आज देतो.

मोठे सॉफ्टवेअर एकटा माणूस लिहीत नाही. पन्नास-शंभर जण त्याचे वेगवेगळे भाग लिहितात. ते भाग कोणते, आणि एका भागाने दुसऱ्याला कोणती माहिती कशी द्यायची, हे आर्किटेक्ट ठरवतो. आपापला भाग ज्याने त्याने सांभाळायचा. जोड मात्र याने.

जोड निसटला तर काय होते, हे 'नासा'च्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यानाच्या बाबतीत दिसले. ते ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघाले. छोट्या थ्रस्टरनी यानाला किती धक्का दिला, याचे आकडे लॉकहीड मार्टिन कंपनीचे सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये देत असे. ते वाचून जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतली मंडळी यानाचा मार्ग काढत. फाइलमधले आकडे पौंड-सेकंदात होते. वाचणारे ते न्यूटन-सेकंद समजत होते. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. (एकक लिहिले नाही म्हणून बाईंनी कापलेला अर्धा गुण आठवला का?)

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या मागे गेले. पुन्हा संदेश आला नाही. ते सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे होते, गेले ५७ किलोमीटरवरून, असे नंतरच्या हिशोबात निघाले.

मला यातली पुढची गोष्ट जास्त बोचते. न्यूटन वापरायचे, हे लेखी ठरलेले होते. म्हणजे नकाशा बरोबर होता! शिवाय हिशोब नीट जुळत नाही, अशी शंका मार्ग काढणाऱ्यांना आधीच आली होती. पण ती रीतसर नोंदवून तडीस नेली गेली नाही. अंतराळ प्रकल्पांत जोड सांभाळण्याच्या या कामाला सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. चौकशीत त्यातल्या उणिवाही पुढे आल्या.

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच मांडले होते की, संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी घडवलेली प्रणाली होते. दोन गट बोलत नसतील, तर त्यांचे प्रोग्रामही धड बोलत नाहीत. म्हणून आर्किटेक्टचा बराचसा दिवस या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात जातो. बैठकीत गप्प बसलेल्या नव्या मुलीला काय खटकते आहे, हे त्यानेच विचारायचे असते. काही ठिकाणी त्याला वेगळ्या खोलीत बसवून नुसत्या आकृत्या काढायला लावतात. मला ते पटत नाही.

नवे काम सुरू झाले की मी दोन्ही गटांना एक खरी फाइल एकमेकांना पाठवायला सांगतो आणि ती माझ्यासमोर उघडायला लावतो. मग प्रत्येक आकड्याचे एकक तोंडी विचारतो. मंडळी हसतात, पण सांगतात.