असईचा उतार

दिवाळीत पोरं किल्ला करतात तेव्हा मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडणं होतात. शत्रू कुठून येणार, हे कुणीच विचारत नाही. बाजारात मातीचे महाराज मिळतात, मावळे मिळतात, तोफाही मिळतात. समोरची फौज मात्र शोधूनही सापडत नाही.

युरोप-अमेरिकेत मोठी माणसं हाच खेळ शत्रूसकट खेळतात. पेराएवढे सैनिक, मोजपट्टी, फासे आणि नियमांचं पुस्तक. याचं मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. राइसवित्झ बापलेकांपैकी मुलाने १८२४ साली नियम छापले. त्यात दोन्ही खेळाडूंना वेगळं बसवायचे आणि मधला पंच ज्याला जे दिसलं असतं तेवढंच सांगायचा. पुढे एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून त्यातला पंच काढला आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा आणल्या. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोनच्या पुस्तकाने हा छंद घराघरांत नेला. माझ्या मते पंच काढला तिथेच खेळ थोडा पोरकट झाला. का, ते पुढे येईलच.

या मंडळींचं एक लाडकं युद्ध म्हणजे १८१२ ते १८१५ चं अमेरिका-इंग्लंड युद्ध. लाडकं अशासाठी, की फौजा लहान. ५ जुलै १८१४ ची चिपावाची लढाई घ्या. नायगराकाठच्या त्या मैदानात दोन्हीकडे दोनेक हजार माणसं होती. वीस सैनिकांमागे एक सोंगटी धरली तर शंभर-शंभर सोंगट्यांत काम भागतं. निळं कापड न मिळाल्याने अमेरिकन पलटणी राखाडी डगल्यांत उतरल्या होत्या, त्यामुळे रंगवायलाही सोप्या. ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सला एडवर्ड पॅकेनहॅम पडला. तो आर्थर वेलस्लीचा मेहुणा. हे नातं कळल्यावर मला अमेरिका सोडून आपल्याकडे यावंसं वाटलं, कारण वेलस्ली म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला असई आठवायलाच हवी.

असई जालना जिल्ह्यात. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे वेलस्लीची इंग्रज फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडली. नायगावातल्या घरी जुन्या दाराची फळी दोन खुर्च्यांवर टाकून मी ही लढाई मांडायला घेतली. प्रमाण असं: एक मीटर म्हणजे एक किलोमीटर, एक सोंगटी म्हणजे पन्नास माणसं. नद्यांच्या मधली जागा एक-दीड किलोमीटरची, म्हणून ती फळीवर बसली. आपली काळी माती वाळली की तडकते, तिचा इथे उपयोग नाही, शाडू वापरली. तोफांच्या धुराला कापूस. तो मात्र आपल्याकडे हवा तेवढा! एक अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. सोंगटीच्या उंचीच्या हिशोबाने घरं केली तर असईत तीनच घरं मावतात.

मग हिशोब. वेलस्लीचं प्रत्यक्ष लढलेलं पायदळ साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे ९० सोंगट्या. शिंद्यांचे कवायती कंपू दहा हजारांवर, म्हणजे दोनशेच्या पुढे. तोफा आठास एक. इंग्रजांनी शेवटी ९८ हस्तगत केल्या, तेव्हा माझ्याकडे बारा. शिंदे-भोसल्यांचे घोडेस्वार कमीत कमी धरले तरी तीस हजार. म्हणजे सहाशे सोंगट्या रंगवायच्या, आणि त्यातल्या बहुतेक दिवसभर जागच्या हलवायच्या नाहीत! रंगवताना हात दुखतो तेव्हा कळतं, पुस्तकातली ‘घोडदळ स्वस्थ राहिले’ ही ओळ केवढी जड आहे.

दुसरी गोष्ट कवायतीची. मराठ्यांना शिस्त नव्हती, असं आपण सहज म्हणून टाकतो. शिंद्यांच्या कंपूंचा सेनापती पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. त्याच्या रांगा केळणेकडे तोंड करून उभ्या होत्या; वेलस्ली पूर्वेकडून नदी उतरून त्यांच्या कुशीवर आला. पोलमनने सगळी रांग काटकोनात फिरवली. मोजपट्टी लावून पाहा. दीड किलोमीटरची रांग सरळ दारासारखी फिरवायची तर टोकाच्या माणसाला जवळजवळ अडीच किलोमीटर चालावं लागतं, तेही शत्रू समोर येत असताना. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती. बेशिस्त फौजेला हे जमत नाही.

आता वेलस्ली जिथून नदी उतरला तो उतार. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर आहेत. गावं अशी बसली म्हणजे मधून येणं-जाणं असणारच. त्याने तीसेक किलोमीटर चालून आलेली फौज त्या तर्कावर घातली. फळीवर मात्र उतार सगळ्यांनाच दिसतो! माझा भाचा शिंद्यांकडून खेळायला बसला आणि पहिल्याच डावात सहा तोफा उतारावर लावून मोकळा झाला. लढाई तिथेच संपली. म्हणून मी राइसवित्झचा पंच परत आणला. नदीखाली चिठ्ठी ठेवायची, उतार आहे की नाही ते पंचालाच ठाऊक.

तीच गत वेलस्लीच्या ऑरॉक या अधिकाऱ्याची. तो आघाडीच्या तुकड्या घेऊन ठरल्यापेक्षा उजवीकडे, थेट असईच्या तोफांवर गेला आणि ७४ वी पलटण त्याच्या मागोमाग. शहाणा खेळाडू ही चूक करणार नाही. म्हणून नियम: फासा एकावर पडला की ऑरॉक गावाकडे वळतो. पडला तर ७४ व्या पलटणीच्या दहा सोंगट्यांतून आठ उचलायच्या. पाचशेतले चारशे मेले किंवा जखमी झाले होते, त्याचा तो हिशोब. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले, त्याचाही एक फासा आहे. तो पडला की भाचा ओरडतो.

आपल्या नांदेडातला नाव्हा मी अजून मांडला नाही. हदगावकडच्या त्या गढीला मेजर पिटमनने जानेवारी १८१९ मध्ये वेढा घातला. हटकरांचे नोवसाजी नाईक निजामाविरुद्ध उठले होते, त्यातला हा प्रसंग. आत पाचेकशे लोक, बरेचसे अरब. ३१ जानेवारीला गढी पडली तेव्हा त्यांतले बहुतेक मेले. वेढ्यात एक डाव म्हणजे वीस मिनिटं असं धरून चालत नाही, अख्खा दिवस धरावा लागतो. खंदक बोटभर सरकवायचा आणि वाट पाहायची. भाच्याला तेवढा धीर नाही.

गेल्या वर्षी लढाई आवरताना ७४ व्या पलटणीच्या उरलेल्या दोन सोंगट्या सापडेनात. भाऊबीजेला त्या भाचीच्या किल्ल्यावर दिसल्या. दोन लाल डगलेवाले, महादरवाजाच्या आत, पहाऱ्यावर.