तीन पक्षांचं एक सरकार : हंगेरीची १९९०ची निवडणूक

मागच्या एका भाषणानंतर एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "निवडणुकीआधी एकमेकांवर टीका करतात आणि निकालानंतर एकत्र बसतात. मग आमच्या मताला अर्थ काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आज जरा लांब जाऊ या, युरोपातल्या हंगेरी या देशात.

हंगेरी म्हणजे साधारण एक कोटी लोकांचा देश. मोठमोठी सपाट मैदानं, गहू, मका, द्राक्षं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली. १९४७ नंतर चाळीस वर्षांहून जास्त काळ अनेक पक्षांची निवडणूक झालीच नाही. लोक मतदानाला जायचे, पण सरकार कोणाचं हे आधीच ठरलेलं असायचं. शेतकऱ्यांच्या जमिनीही सामूहिक शेती संस्थांमध्ये घेतल्या गेल्या.

१९८७ च्या सप्टेंबरात लाकितेलेक नावाच्या गावात एका घराच्या बागेत तंबू ठोकून काही लेखक, शिक्षक, विचारवंत जमले. देशाचं काय होणार यावर बोलले. त्यातून 'लोकशाही मंच' उभा राहिला. पुढे इतर गट निघाले. १९८९ मध्ये सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसले, महिनोन्‌महिने बोलणी झाली आणि गोळी न झाडता ठरलं की आता खुली निवडणूक घ्यायची.

ती झाली २५ मार्च आणि ८ एप्रिल १९९० ला. दोन फेऱ्या कशासाठी? मतदारसंघात पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरच उमेदवार निवडून यायचा. १७६ मतदारसंघांपैकी फक्त ५ ठिकाणी तसं झालं. बाकी सगळीकडे पुन्हा मतदान. उरलेल्या जागा पक्षांच्या याद्यांमधून भरायच्या होत्या, आणि देशभरात ४ टक्के मतं नसतील तर त्या पक्षाला यादीतून जागा नाही. असे संसदेचे एकूण ३८६ सदस्य.

पहिल्या फेरीत दोन पक्ष पुढे होते. लोकशाही मंचाला यादीवर चौथ्या हिश्श्याच्या जवळपास मतं, तर मुक्त लोकशाहीवाद्यांना एकवीस टक्के. मंच म्हणत होता, बदल करू पण सावकाश, घर मोडून नको. मुक्त लोकशाहीवादी म्हणत होते, बदल करायचा तर झटपट करा. दोघांनी प्रचारात एकमेकांना सोडलं नाही.

दुसऱ्या फेरीत मंच, छोट्या शेतकऱ्यांचा पक्ष आणि ख्रिस्ती लोकशाही पक्ष यांनी एकमेकांना हात दिला. त्याचा फायदा झाला. मंचाला १६४ जागा मिळाल्या, शेतकरी पक्षाला ४४, ख्रिस्ती पक्षाला २१. बहुमताला १९४ लागत होत्या. म्हणजे सर्वांत मोठा पक्षही एकटा पुरा पडत नव्हता. तिघांची बेरीज २२९ झाली. मंचाचे योझेफ आंताल पंतप्रधान झाले. ते मूळचे इतिहासाचे अभ्यासक.

आता अडचण पुढची. हंगेरीत तेव्हा कितीतरी महत्त्वाच्या कायद्यांना दोन तृतीयांश मतं लागत. तेवढी मतं या तिघांकडेही नव्हती. सरकार बसलं असतं, पण चाललं नसतं. म्हणून आंताल यांनी एप्रिलच्या शेवटी विरोधी मुक्त लोकशाहीवाद्यांशी लेखी करार केला. दोन तृतीयांशची अट थोड्याच कायद्यांना राहील. पंतप्रधानाला पाडायचं असेल तर त्याच ठरावात नवा पंतप्रधान कोण, ते नाव द्यावं लागेल. नुसतं पाडून मोकळं होता येणार नाही. बदल्यात राष्ट्राध्यक्षपद विरोधकांच्या माणसाला. असे आर्पाद गॉन्त्स राष्ट्राध्यक्ष झाले. हे लेखक आणि अनुवादक, १९५६ च्या उठावानंतर कित्येक वर्षं तुरुंगात राहिलेले.

हा करार मोजक्या पुढाऱ्यांनी बंद दाराआड केला. मंचाच्या स्वतःच्या लोकांनाच तो नंतर कळला आणि बरेच चिडले. त्यांचा राग खोटा नव्हता. तडजोड चांगली असली तरी आपल्या माणसांना न सांगता केली, तर ती फसवणूक वाटते.

आणि जमिनीचं काय? शेतकरी पक्षाने मतं मागितली होती ती एकाच शब्दावर : १९४७ साली जमीन ज्याची होती त्याला ती परत. पण मधल्या चाळीस वर्षांत त्या जमिनीवर राबलेल्यांचं काय? ज्यांची जमीन नव्हती पण दुकान गेलं, घर गेलं, त्यांचं काय? घटना न्यायालयानेही म्हटलं की फक्त जमीनवाल्यांना वेगळी वागणूक देता येणार नाही. शेवटी १९९१ च्या कायद्याने मधला मार्ग निघाला. जुन्या मालकांना भरपाईची प्रमाणपत्रं द्यायची आणि ती वापरून लिलावात जमीन घेता येईल. काहींना जमीन मिळाली, काहींनी प्रमाणपत्रं स्वस्तात विकून टाकली. शेतकरी पक्षात फूट पडली. १९९२ मध्ये त्यांचा नेता आघाडीतून बाहेर पडला, पण बहुतेक खासदार सरकारबरोबर राहिले. त्यामुळे सरकार पडलं नाही.

या सरकारच्या काळात, जून १९९१ मध्ये, शेवटचा सोव्हिएत सैनिक देशाबाहेर गेला. पण कारखाने बंद पडले आणि बेकारी वाढली. आंताल डिसेंबर १९९३ मध्ये पदावर असतानाच वारले. सरकारने मुदत पुरी केली. १९९४ मध्ये लोकांनी मंचाला ३८ जागांवर आणलं. सत्ता शांतपणे दुसऱ्यांकडे गेली. जिंकलेल्या समाजवाद्यांकडे २०९ जागा, म्हणजे स्वतःचं बहुमत होतं. तरी त्यांनी मुक्त लोकशाहीवाद्यांना बरोबर घेतलं.

एक गोष्ट मात्र या आघाडीच्या गणितात कोणी धरलीच नाही. १९९० च्या संसदेत बायका होत्या जेमतेम सात टक्के. आधीच्या संसदेत पाचात एक असायची. त्या जागा वरून ठरवून भरलेल्या होत्या हे खरं. पण खुली निवडणूक आली आणि प्रत्येक पक्षाने उमेदवार बहुतेक पुरुषच दिले. बोलणीच्या टेबलाशी आपण नसलो, तर वाटणीतही आपण नसतो.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं. पक्ष एकत्र आले एवढ्यावरून मत वाया गेलं असं होत नाही. कोणालाच पुरती मतं दिली नाहीत, तर एकत्र बसा असंच आपण सांगितलेलं असतं. मात्र तीन गोष्टी विचारायच्या. काय ठरलं ते लिहून दिलंय का? कोणी काय सोडलं? आणि ज्याच्या नावावर मत मागितलं, त्याचं काय झालं?

पुढच्या बैठकीत यावर बोला आणि काय वाटलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.