विश्लेषण : कुपोषित मुलाला प्रथिनांची पावडर हवी की पोटभर जेवण? डॉ. गोपालन काय सांगत होते?

बिस्किटापासून दुधापर्यंत सगळ्यावर आज ‘प्रोटीन’ची जाहिरात दिसते. १९६०च्या दशकात हाच शब्द कुपोषणाविषयीच्या जागतिक धोरणाच्या केंद्रस्थानी होता. त्याला प्रयोगांच्या आधारे आव्हान देणाऱ्यांत पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन आघाडीवर होते.

डॉ. गोपालन कोण?
जन्म १९१८, आताच्या तमिळनाडूतील सेलम. डॉक्टर झाल्यावर ते कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आले. १९५८ मध्ये ही प्रयोगशाळा हैदराबादला हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. गोपालन तिचे संचालक झाले, १९७४ मध्ये ‘आयसीएमआर’चे महासंचालक झाले आणि १९८० मध्ये त्यांनी ‘न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया’ स्थापन केली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रथिनांचा वाद काय होता?
गरीब देशांतील मुलांना मुख्यतः प्रथिने कमी पडतात, असे तेव्हा मानले जाई. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने ‘प्रथिन संकटा’चा इशारा दिला. प्रथिनयुक्त खास खाद्ये तयार करण्यावर भर होता. गोपालन यांचे म्हणणे वेगळे होते. भाकरी, भात, डाळ हा आहार पुरेसा मिळाला, तर प्रथिनांची गरजही बहुतांशी भागते. मुळात पोटच भरत नसेल, तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. सरपण संपल्यावर घराचे वासे चुलीत घालावेत, तसे.

पुरावा काय?
१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या पथकाने कुपोषित लहान मुलांना गहू, साखर आणि तेलाचा गोड पदार्थ रोज दिला. त्यात ३१० कॅलरी होत्या, प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. तरीही ही मुले, पूरक आहार न मिळालेल्या मुलांपेक्षा उंचीत आणि वजनात अधिक वाढली.

मग सुखात्मे यांच्याशी मतभेद कशावर?
मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचेही मत हेच होते, की खरी तूट कॅलरींची आहे. पण शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते, असे ते पुढे मांडू लागले. १९८०च्या दशकात अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी ‘लहान चण, पण निरोगी’ हा सिद्धांत मांडला. तो मान्य झाला असता, तर कुपोषितांचा आकडा कागदावर एका रात्रीत घटला असता.

गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला. खुंटलेली उंची ही उपासमारीची आणि वारंवारच्या आजारपणाची खूण आहे. खुज्या आईचे बाळही अनेकदा कमी वजनाचे जन्मते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. श्रीमंतांच्या मुलांना एक मोजपट्टी आणि गरिबांच्या मुलांना दुसरी, हे त्यांना मान्य नव्हते.

आज याचे महत्त्व काय?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के, म्हणजे तीनपैकी एकाहून जास्त. मोजपट्टी सैल केली असती, तर यातली बरीच मुले आज ‘निरोगी’ गणली गेली असती आणि त्यांच्या ताटात काय कमी आहे, हे कुणी विचारलेच नसते.