शिशाच्या फिल्मचा दिवस

सकाळी ८.३०. जुलैतली पुण्याची हवा ओली, आणि आमच्या हॅलाइड पेरोव्हस्काइट या स्फटिकी मटेरियलला ओल सोसत नाही. त्यामुळे लॅबमध्ये शिरल्यावर पहिली नजर ग्लोव्हबॉक्सच्या आकड्यांवर. आत नायट्रोजन; ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही १ पीपीएमच्या खाली हवं.

९.००. काचा धुणं. साबण, आयन काढलेलं (डीआय) पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल. कंटाळवाणं काम, पण टळत नाही.

१०.३०. खरी कसोटी. लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम आयोडाइडचं पिवळं द्रावण काचेवर सोडायचं, स्पिन कोटर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, आणि नेमक्या सेकंदाला पिपेटमधून क्लोरोबेंझिन. उशीर झाला की फिल्म धुरकट. वेळ साधली तर १०० अंशांच्या हॉटप्लेटवर काच बघता बघता गडद तपकिरी होते, आरशासारखी चकचकीत.

१२.३०. मास्क लावून चांदीचे ठिपके चढवायला काचा एव्हॅपोरेटरमध्ये. पंप निर्वात करेपर्यंत डबा आणि वाचन. आम्ही बनवतो तो मेमरिस्टर, म्हणजे आधी गेलेल्या विजेची आठवण ठेवणारा रोध. त्याची कल्पना लिओन चुआ यांची, १९७१ची. एचपीच्या लोकांनी २००८ मध्ये तो टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये दाखवला. आमचं मटेरियल आलं सोलर सेलमधून. फिल्ममधले आयन जागा सोडून फिरतात म्हणून सोलरवाले बेजार असतात. आमचं पोट त्या फिरण्यावरच!

४.००. प्रोब स्टेशन. सुई ठिपक्यावर अलगद टेकवायची, दाबली तर फिल्म फाटते. व्होल्टेज चढवत नेलं की करंट आधी रेंगाळतो, मग एकदम उडी घेतो: आयोडिनच्या रिकाम्या जागा, कधी चांदीचे आयन, ओळीत येऊन वाट पाडतात. मीटरवर करंटची मर्यादा घातलेली असते, नाहीतर डिव्हाइस जळतं. उलटं व्होल्टेज दिलं की वाट मोडते. मधल्या काळात वीज काढली तरी अवस्था टिकते, तीच मेमरी.

६.००. आता छोटे पल्स, एकामागून एक. दर पल्सला करंट थोडा वाढतो, मेंदूतल्या पेशींमधला जोड, सिनॅप्स, वापराने पक्का व्हावा तसा. यावरून ‘कृत्रिम मेंदू’ अशी बातमी करू नये. खरा मुद्दा विजेचा आहे: संगणकात मेमरी आणि प्रोसेसर वेगळे, त्यांच्यातल्या ये-जा करण्यात वीज जाते. इथे साठवण आणि गणित एकाच ठिपक्यात होऊ शकतं. तुलनेला, मेंदू सगळा कारभार सुमारे २० वॅटवर उरकतो.

७.३०. शिशाचा कचरा लेबल लावलेल्या बाटलीत, बेसिनमध्ये थेंबही नाही. शिशाऐवजी टिन वापरून पाहतात, पण ते हवेत लगेच ऑक्सिडाइज होतं. चालू-बंदच्या फेऱ्या सोसण्यात ऑक्साइडचे मेमरिस्टर अजून आमच्या पुढे आहेत. शिसं आणि ओल यांचा बंदोबस्त होईपर्यंत हे डिव्हाइस लॅबचंच, बाजाराचं नाही.