चिलखताची घडण व बसवणी : एक तौलनिक विचार

प्रस्तावना :
इतिहासाच्या अध्यापनात चिलखताचा उल्लेख बहुधा १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगड-प्रसंगापुरता येतो. ते कसे घडे आणि अंगावर कसे बसे, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः चिलखताच्या बसवणीत त्या समाजाची युद्धपद्धती उमटलेली असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा तुलनेने स्पष्ट केला आहे.

युरोपीय पत्र्याचे चिलखत :
पंधराव्या शतकात मिलान, ऑग्सबर्ग, न्यूरेंबर्ग येथील कारागीर पोलादी पत्रा ठोकून विशिष्ट व्यक्तीच्या मापाचे चिलखत घडवीत. ग्राहक दूरचा असल्यास मापासाठी त्याचे कपडे मागविले जात. सांध्यांवर अरुंद पट्ट्या एकमेकींवर सरकतील अशा जोडीत. पूर्ण संच साधारणतः २० ते २५ किलो वजनाचा असे. परंतु त्याचे भाग आतील जाड अंगरख्यास नाड्यांनी बांधल्यामुळे भार सर्वांगावर विभागला जाई. माप चुकले की मात्र सांधा अडे.

कड्यांचे चिलखत :
आपल्याकडील चिलखत मुख्यतः कड्यांचे. लोखंडी तार सळईवर गुंडाळून कड्या कापीत, त्यांची टोके चपटी करून बारीक खिळ्याने जोडीत. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असे. हे विणकाम सैल असल्याने एकाचे चिलखत दुसऱ्यासही चाले. त्याचा भार खांद्यांवर येई. कंबरपट्टा आवळल्यास तो काहीसा हलका होई. कड्या तलवारीची धार अडवीत, पण आघाताचा जोर अंगापर्यंत पोचे. म्हणून आत कापूस भरलेला अंगरखा घालीत. काही वेळा वरून छाती, पाठ व दोन्ही कुशींवर चार पत्रे बांधीत. त्यास ‘चारआईना’ म्हणत.

सभासद बखरीत प्रतापगडच्या प्रसंगी वार अडविणाऱ्या वस्त्रास ‘कुडती’ म्हटले आहे. हा शब्द सूचक आहे. कड्यांचे चिलखत वस्त्राप्रमाणे अंगरख्याखाली झाकता येई. पत्र्याच्या संचाबाबत हे अवघड होते.

निष्कर्ष :
१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली. अशा दूरच्या, वेगवान मोहिमांत सर्वच स्वारांजवळ चिलखत असे असे नाही. ज्यांजवळ असे, त्यांना लवचीक चिलखतच सोयीचे होते. त्यामुळे पत्र्याचे चिलखत प्रगत आणि कड्यांचे मागास, ही मांडणी टिकत नाही. संग्रहालयात चिलखत दाखविताना विद्यार्थ्यांना केवळ त्याचे वजन सांगू नये. ते वजन शरीराच्या कोणत्या भागावर येई, हेही विचारावे.