आजीच्या पिंपाचा नळ

रविवारी वसईहून मुंबईला जायचं म्हणजे शनिवारी रात्रीच डब्याची तयारी! लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली होती. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘इनोव्हेशन फेस्टिव्हल’ आहे, म्हणजे नव्या शोधांचा उत्सव. शक्य असल्यास पालकांनी मुलांना न्यावं. मग हे, लेक, मी आणि ‘मला काय कळणार तिथलं?’ असं म्हणत सगळ्यांच्या आधी तयार झालेल्या सासूबाई, असे आम्ही निघालो. फास्ट गाडीने दादर, तिथून स्लो पकडून महालक्ष्मी.

हे केंद्र १९८५ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. शाळेच्या सहलीत मी तिथे आले होते, पण तेव्हाचं आठवतं ते बागेतलं वाफेचं इंजिन आणि सांडलेली चटणी. या वेळी मांडलेल्या टेबलांपाशीच जास्त गर्दी होती. शाळा-कॉलेजची मुलं आपापलं यंत्र उत्साहाने समजावून सांगत होती. हे आणि लेक रोबोटपाशी रमले. सासूबाई मात्र लसूण सोलायच्या यंत्रासमोर ठाण मांडून बसल्या. ‘ओला लसूण चालेल का रे बाळा?’ या त्यांच्या प्रश्नावर तो मुलगा गोंधळलाच.

पुढे एका टेबलावर पेडल मारून चालवायचं यंत्र होतं. ते बघताना मला रेम्या जोस आठवली. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातली ही मुलगी. दहावीत असताना आई आजारी, वडिलांवर उपचार चालू, आणि घरचे कपडे धुवायचं काम तिच्यावर आलं. तिने सायकलसारख्या पेडलवर फिरणाऱ्या जाळीच्या पिंपाचा आराखडा काढला आणि वडिलांनी तो जवळच्या वर्कशॉपमधून बनवून घेतला. कपडे साबणाच्या पाण्यात भिजवायचे, तीन-चार मिनिटं पेडल मारायचं, झालं. वीज नको! २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने तिला गौरवलं.

आपल्या मिक्सरचीही गोष्ट अशीच. परदेशी मिक्सरची मोटर आपल्या भिजवलेल्या डाळी आणि ओल्या खोबऱ्यापुढे टिकायची नाही. साठच्या दशकात मुंबईचे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा असाच मिक्सर बिघडला. मग आपल्या वाटणाला पुरेल असा मिक्सर त्यांनी बनवायला घेतला. तोच पुढे ‘सुमीत’ झाला. पण वाटण कोण वाटत होतं? मिक्सर कुठे कमी पडतो, हे आधी कोणाला कळलं असेल? हे आपलं मला वाटतं हं.

आणि वाण्याकडे आपण एचएमटी तांदूळ मागतो ना, तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचा. लहानसे शेतकरी. शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडून वाढवल्या. नाव पडलं घड्याळाचं! २०१८ साली ते गेले. इतकी वर्षं तो भात मी रांधतेय, पण त्यांचं नाव मला फार उशिरा कळलं.

जेवताना लेकीने विचारलं, ‘आजी, तू कधी काही शोध लावलास का गं?’

‘अगं, आम्ही कसले शोध लावणार! रांधा, वाढा, उष्टी काढा.’

मला एकदम आमचं पिंप आठवलं. टँकरच्या दिवसांत वाकून वाकून तांब्याने पाणी काढताना सासूबाईंच्या कमरेचे हाल व्हायचे. पिंप विटांच्या कट्ट्यावर चढवायचं आणि तळाशी भोक पाडून नळ लावायचा, ही कल्पना त्यांचीच. नळ बसवला मामंजींनी. आल्यागेल्याला ते कौतुकाने ‘मी केलंय’ म्हणून दाखवायचे. सासूबाई आत चहा टाकत असायच्या. शेजारच्या तीन घरांनी तसाच नळ लावून घेतला, ‘काकांची आयडिया’ म्हणून!

मी हे सांगितलं तेव्हा हे चकित झाले. ‘आई, तुझी कल्पना होती ती?’

‘मग काय! त्यांना कुठे वाकावं लागत होतं?’ सासूबाई म्हणाल्या आणि लोणच्याची फोड चोखत बसल्या.

शाळेने उत्सवावर दोन पानं लिहून आणायला सांगितली होती. लेकीने रोबोटऐवजी पिंपाचं चित्र काढलं, बाण काढून नळ दाखवला आणि ‘संशोधक’ या शब्दापुढे आजीचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र नीट न्याहाळलं.

‘नळ थोडा वर काढ गं,’ त्या म्हणाल्या, ‘बादली कशी मावेल त्याच्याखाली?’